एसयूव्हीच्या गावात इस्टेटची बाजू

नाशिकमध्ये एसयूव्हीला नावं ठेवणं म्हणजे घरातल्या घरात भांडण लावून घेणं. बोलेरो आणि स्कॉर्पिओ आपल्या महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडल्या, त्यांची इंजिनं इगतपुरीला बनली, आणि सातपूर-अंबडच्या प्रत्येक दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी त्या साखळीत कामाला आहे. शेताच्या वाटेवर बोलेरो जे काम करते ते दुसरी कुठलीच गाडी करत नाही, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो कॉलेज रोडवरच्या पार्किंगमधल्या एसयूव्हींशी. जागा हवी, सुरक्षितता हवी, घाटात आणि हायवेवर आरामात जाता यावं, या तीन कारणांसाठी लोक त्या घेतात. आणि या तिन्ही गोष्टी गाडीच्या उंचीतून येत नाहीत. त्या जास्त चांगल्या देणारा एक जुना प्रकार आहे, त्याला इस्टेट किंवा स्टेशन वॅगन म्हणतात, आणि आपल्याकडे तो जवळपास संपला आहे.

तिशीच्या आतल्यांना इस्टेट म्हणजे काय ते सांगावं लागेल. एक सेडान डोळ्यांसमोर आणा. तिचं छप्पर मागच्या सीटनंतर उतरतं आणि पुढे डिकीचा सपाट पत्रा येतो. इस्टेटमध्ये ते छप्पर उतरतच नाही. तसंच सरळ बंपरपर्यंत जातं आणि तिथे वर उघडणारं मोठं दार बसतं. खालची गाडी तीच: चाकं, इंजिन, सस्पेन्शन, जमिनीपासूनची उंची, सगळं सेडानचं. फक्त डिकी आणि बसायची जागा एक झालेली. टाटांनी १९९२ मध्ये टाटा इस्टेट आणली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग आली, २००४ मध्ये इंडिगो मरीना आली, स्कोडाने ऑक्टेव्हिया कॉम्बी विकून पाहिली. एकही फार चालली नाही. का नाही, त्याकडे नंतर येतो, कारण ते कारण गाडीत कमी आणि सरकारी कागदांत जास्त आहे.

आधी जागेचं बघू. त्यासाठी आपल्या रस्त्यावरच दिसणारी एक जोडी सोयीची आहे: स्कोडाची स्लाव्हिया आणि कुशाक. दोन्हींचा पाया एक, पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर एकच, २६५१ मिलिमीटर. इंजिनंही तीच. एक सेडान, दुसरी एसयूव्ही. कुशाकची डिकी ३८५ लिटरची, स्लाव्हियाची ५२१. म्हणजे उंच गाडीत सामानाला जागा कमी! कारण सोपं आहे. कुशाक लांबीला फूटभर कमी आहे, आणि ती कापलेली लांबी डिकीतूनच गेली. उंची वाढली ती माणसांच्या डोक्यावर, जिथे कुणी बॅग ठेवत नाही.

डिकीचे हे लिटर मोजतात तरी कसे, हे एकदा कळलं की शोरूममधले आकडे नीट वाचता येतात. युरोपात रूढ झालेल्या पद्धतीत पाणी ओतून मोजत नाहीत, २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे ठोकळे भरतात. असा एक ठोकळा म्हणजे एक लिटर. किती ठोकळे बसले ते मोजायचं. साधारणपणे हे ठोकळे मागच्या सीटच्या वरच्या कडेपर्यंत भरतात, कारण त्याच्या वर सामान रचलं तर मागचं दिसत नाही. पण काही कंपन्या छपरापर्यंतचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. म्हणून एका कंपनीचे साडेचारशे आणि दुसरीचे साडेचारशे सारखे असतीलच असं नाही.

आता स्लाव्हियाच्या ५२१ लिटरमध्येही एक खोट आहे, आणि ती प्रत्येक सेडानमध्ये असते: तोंड लहान. आतमध्ये जागा असते, पण फ्रिजचा खोका त्या फटीतून आत जात नाही. इस्टेटने हाच प्रश्न सोडवला. युरोपात विकली जाणारी ऑक्टेव्हिया कॉम्बी ६४० लिटर घेते, सीट पाडल्या की १७०० लिटर, आणि दार गाडीच्या रुंदीएवढं. तिच्याच घराण्यातली एसयूव्ही, करोक, ५२१ लिटरवर थांबते. करोक लांबीला फूटभर कमी आहे हे मान्य, पण गाडी बघताना शोरूममध्ये करोकच मोठी वाटते.

आकड्यांपेक्षा मला या गोष्टीचा खरा अर्थ नाशिकरोडच्या एका साउंडवाल्याकडे कळला. त्याच्याकडे अजून एक जुनी मरीना आहे. मागचं दार वर धरणारे पंप केव्हाच बसलेत, त्यामुळे दाराला बांबूच्या दांडक्याचा टेकू लागतो. डिकीत पोतं अंथरलेलं. तो स्पीकरचा बॉक्स उचलून कडेवर टेकवतो, मागून रेटतो, आणि बॉक्स पोत्यावरून घसरत थेट पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत जातो. मी विचारलं, अजून हीच कशाला वापरतोस, बोलेरो घे की. म्हणाला, ‘‘भाऊ, वर चढवायला दोन पोरं लागतात, आणि पोरं सांगितल्या टायमाला येत नाहीत. हिच्यात मी एकटा सरकवतो.’’

त्याने जे सांगितलं त्याला गाडीवाले भरणीची उंची म्हणतात. इस्टेटमध्ये डिकीची कड जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास असते, एसयूव्हीत ती अडीच फुटांकडे किंवा वर जाते. वीस किलोचं द्राक्षांचं क्रेट एकदा उचलून बघा, हे अर्धं फूट कंबरेला कळतं. शिवाय कॅरिअरवर काही बांधायचं असेल तर इस्टेटच्या छपराला जमिनीवर उभं राहून हात पोचतो. उंच गाडीला दार उघडून उंबऱ्यावर चढावं लागतं.

एक सावधगिरी मात्र इस्टेटला, एसयूव्हीला आणि अर्टिगासारख्या गाड्यांना सारखीच लागू आहे. या सगळ्यांत डिकी आणि माणसं यांच्यामध्ये पत्रा नसतो. जोरदार धडकेत वेग क्षणात शून्यावर येतो तेव्हा सामानाला गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट झटका बसू शकतो, म्हणजे सीटच्या वर रचलेली वीस किलोची बॅग सहाशे किलोच्या जोराने पुढे येते. युरोपातल्या इस्टेटमध्ये छपरापासून सीटपर्यंत लावायची जाळी मिळते. आपल्याकडे ती कुणी मागत नाही. जड सामान तळाशी आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, आणि मागे कुणी बसलं नसलं तरी तिथले पट्टे लावून ठेवा. पट्टे लावलेले असले की सीटच्या पाठीला थोडा आधार मिळतो.

आता घाट. कसारा घ्या किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा रस्ता घ्या. वळणावर गाडी रस्त्याच्या आत वळते पण तिचं वजन सरळ जायला बघतं, त्यामुळे गाडी बाहेरच्या बाजूला कलते. किती कलेल ते वजन किती उंचावर आहे त्यावर ठरतं. डोक्यावर हंडा घेऊन झटकन वळणं आणि तीच भरलेली कळशी कमरेवर घेऊन वळणं यात जो फरक, तोच इथे. म्हणून एसयूव्हीच्या मागच्या सीटवर बसलेल्यांना गडावर पोचेपर्यंत मळमळतं आणि ड्रायव्हरला काहीच होत नाही, त्याच्या हातात निदान स्टिअरिंग असतं.

या कलण्याचं एक मोजमाप अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था वापरते. डाव्या आणि उजव्या चाकांतलं अंतर घ्यायचं आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. उत्तर जेवढं मोठं, तेवढी गाडी उलटायला कठीण. साध्या कारचं उत्तर बहुतेक वेळा १.३ ते १.५ येतं. उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅनचं १.० ते १.३. सूत्रात गाडीचं वजन कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ‘‘जड गाडी आहे, रस्ता धरून बसते’’ हे वाक्य आपण कितीदा ऐकतो, पण उलटण्याच्या बाबतीत वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं. अलीकडच्या गाड्यांत ईएससी असतो. तो गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतो, आणि उलटण्याचा धोका त्याने बराच कमी झाला आहे. पण तो मूळ दोषावरचा इलाज आहे, त्याने गाडी बुटकी होत नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती रोजच्या चालवण्यात जास्त जाणवते. गाडी फार कलू नये म्हणून उंच गाडीच्या स्प्रिंगा आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा इंजिनीअरला कडक ठेवावा लागतो. मग डावं चाक खड्ड्यात गेलं की अख्खी बॉडी डावीकडे झटका खाते आणि डोकं खिडकीकडे फेकलं जातं. त्र्यंबक रोडवर पावसाळ्यानंतर याचा अनुभव घ्यायला वेगळं कुठे जायला नको. बुटक्या गाडीला तो दांडा एवढा कडक लागत नाही, त्यामुळे तीच खड्ड्याची धडक खालच्या खाली विरते. एसयूव्ही खड्ड्यांत आरामदायी हा समज मोठ्या टायरांमुळे आणि उंच बसण्यामुळे पक्का झालाय. मोठं टायर खड्ड्यात कमी उतरतं, तेवढं मात्र खरं.

हायवेवर प्रश्न हवेचा. हवेचा विरोध गाडीच्या समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर, तिच्या आकाराच्या गुळगुळीतपणावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट. शहरात साठच्या खाली हा हिशेब नगण्य आहे, तिथे पेट्रोल जातं ते वजन ढकलण्यात आणि सिग्नलला उभं राहण्यात. पण समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला मी ढोबळ आकडे घालून गणित केलं. साधारण इस्टेट किंवा सेडानला फक्त हवा कापायला १९ हॉर्सपॉवर लागतात. चौकोनी तोंडाच्या, उंच, रुंद एसयूव्हीला २८-२९. फरक नऊ-दहा हॉर्सपॉवरचा, आणि तो सिन्नरपासून नागपूरपर्यंत सलग. पेट्रोलमध्ये धरलं तर एकेरी प्रवासात दहा लिटर सहज जास्त. म्हणजे जाऊन-येऊन दोन हजारांची हवा कापली. कुशाकसारख्या छोट्या, गोलाकार एसयूव्हीत फरक याहून बराच कमी असतो, स्कॉर्पिओ-थारमध्ये पुरेपूर.

इलेक्ट्रिक गाडीत तर हे अजून टोचतं, कारण हवेने खाल्लेली बॅटरी पेट्रोलसारखी पाच मिनिटांत भरून मिळत नाही.

सुरक्षिततेबद्दल बोलताना आपण नेहमी आतल्या माणसांचाच विचार करतो. आतल्यांसाठी जड गाडीचा एक फायदा खरा आहे: दोन गाड्यांच्या धडकेत जास्त वजनाच्या गाडीतले लोक थोडे वाचतात. पण तो फायदा उंचीचा नाही. स्लाव्हिया आणि कुशाक दोघींना ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे आहेत, २०२४ च्या डिझायरलाही आहेत, आणि ती तर साधी सेडान. तारे मिळतात बॉडीच्या बांधणीला, एअरबॅगना, पट्ट्यांना. बाहेरच्या माणसाचं काय? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पादचारी अपघातांचा अभ्यास मांडला. बोनेटची कड ४० इंचांपेक्षा उंच असेल, तर ३० इंचांच्या आतल्या उतरत्या बोनेटच्या तुलनेत पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बोनेटवर पडतो. उंच गाडी थेट छातीला किंवा डोक्याला लागते. आपल्या सगळ्याच एसयूव्ही चाळीस इंची नाहीत, पण पंचवटीच्या गर्दीत गाडीसमोर येणारी सगळी माणसंही पाच फुटी नसतात.

मग एसयूव्हीकडे उरतं काय? उरतं, आणि ते छोटं नाही. पहिलं म्हणजे चढणं-उतरणं. गुडघेदुखी असलेल्या आईला सेडानमधून उठताना बघितलंय त्याला हे सांगायला नको. सीटची उंची साधारण खुर्चीएवढी असली की माणूस सरळ आत सरकतो. त्यासाठी उंच गाडी खरंच चांगली, फक्त फार उंचही नको, थारमध्ये चढायला त्याच आईला स्टूल लागेल.

दुसरं, गाडीच्या पोटाखालची जागा. इथे जरा थांबायला हवं, कारण फसगत इथेच होते. स्पीडब्रेकर कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिलंय: दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. म्हणजे लांबट, हळूच चढणारा उतारवटा. नियमातल्या स्पीडब्रेकरला कुठलीही गाडी घासत नाही. घासते ती सोसायटीने स्वतः सिमेंट ओतून केलेल्या टेकाडाला. तिथे इस्टेट तिच्या लांब पोटामुळे अडचणीत येते हे कबूल, चाकांमधलं अंतर जेवढं जास्त तेवढं पोट टेकण्याची शक्यता जास्त. पण पुन्हा आपली जोडी घ्या. रिकाम्या कुशाकचा ग्राउंड क्लिअरन्स १८८ मिलिमीटर, स्लाव्हियाचा १७९. फरक नऊ मिलिमीटर, करंगळीच्या रुंदीहूनही कमी. आणि कुशाकचं छप्पर मात्र चार इंच उंच. म्हणजे उंची खाली गेलीच नाही, सगळी वर गेली. क्लिअरन्ससाठी एसयूव्ही घेणाऱ्याने माहितीपत्रकात हा एकच आकडा आधी बघावा.

मळ्यातली वाट हा वेगळा विषय. दिंडोरी-गिरणाऱ्याकडे काळी माती पहिल्या पावसात चिकटली की गाडी फसते ती क्लिअरन्स कमी म्हणून क्वचितच, चाकं जागच्या जागी फिरतात म्हणून. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन, कुशाक या सगळ्यांत जोर फक्त पुढच्या दोन चाकांना मिळतो, जसा स्विफ्टमध्ये मिळतो. ज्याला खरंच चिखलातून जायचंय त्याने फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, थार किंवा स्कॉर्पिओ घ्यावी, आणि त्याच्याकडे बघून मी एक शब्द बोलणार नाही.

तर इस्टेट एवढी गुणाची असून गेली कुठे? अमेरिकेत तिला नियमांनी मारलं. १९७५ च्या कायद्याने कंपन्यांवर सरासरी मायलेजचं बंधन आलं, पण ‘हलका ट्रक’ या वर्गाला सवलत होती. इस्टेट कार म्हणून मोजली जायची, एसयूव्ही आणि मिनीव्हॅन ट्रक म्हणून. कंपन्यांनी जे करायचं तेच केलं. युरोपात अशी पळवाट नव्हती म्हणून तिथे ती टिकली. फोक्सवॅगनची नवी पसाट तर तिथे आता फक्त इस्टेट म्हणूनच मिळते, सेडान बंद. व्होल्वोने १९९४ मध्ये ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत चक्क ८५० इस्टेट उतरवली होती, ती जिंकण्यापेक्षा बघण्यासाठीच जास्त लक्षात राहिली.

आपल्याकडे वार झाला तो लांबीवर. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचं अबकारी शुल्क २४ वरून १६ टक्के झालं, आणि लहान म्हणजे चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. इस्टेटचा सगळा जीव मागच्या लांबीत, आणि कर नेमका त्या लांबीवर. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची शेपटी कापून चार मीटरच्या आतली इंडिगो सीएस आणली आणि ती धडाक्यात विकली. मरीना हळूहळू यादीतून गेली. पुढे जीएसटीतही चार मीटरची रेघ तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४०. लांबी बंद झाली की कंपनीला वाढायला एकच दिशा उरते, वर. आज रस्त्यावर दिसणाऱ्या निम्म्या ‘एसयूव्ही’ म्हणजे चार मीटरमध्ये बसवलेल्या उभट हॅचबॅक आहेत. मारुतीची आजची हॅचबॅक बलेनो आणि तिचीच ‘एसयूव्ही’ फ्रॉन्क्स शेजारी लावून बघा, एकाच पायावरच्या दोन गाड्या, आणि डिकी बलेनोची दहा लिटरने मोठी.

शिवाय लग्नाच्या बैठकीत दारात उभी असलेली गाडी ‘मोठी’ दिसावी लागते, आणि इस्टेटला आपल्याकडे फार पूर्वीच शववाहिका आणि कंपनीची सामानगाडी असं रूप चिकटलं होतं. याला इलाज नाही.

नवी, परवडणारी इस्टेट आज इथे कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही. व्होल्वोची व्ही९० क्रॉस कंट्री २०१७ मध्ये आली होती, पण ती आपल्या बजेटची गोष्ट नव्हती. मग इस्टेटच्या गुणांचं माप लावून जे मिळतंय त्यातलं निवडायचं. माझ्या मते सर्वात जवळ येते ती अर्टिगा. लोक तिला सात जणांची गाडी म्हणून घेतात आणि मग सात जण बसवल्यावर २०९ लिटरची डिकी बघून वैतागतात. तिला पाच जणांची गाडी समजा. तिसरी रांग कायमची पाडून ठेवा, साडेपाचशे लिटर मिळतात, दार रुंद, छप्पर लांब, सीट आईला चढता येईल एवढी उंच, आणि वजन बाराशे किलोच्या आसपास. ती बुटकी नाही, घाटात झुलते, पण ज्या पैशांत चार मीटरची भारी एसयूव्ही येते त्या पैशांत एवढी जागा दुसरीकडे नाही. ज्यांना खोके वाहायचे नाहीत, फक्त बॅगा आणि चार माणसं न्यायची आहेत, त्यांनी स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगनची सेडान व्हर्टस बघावी. जुनी मरीना किंवा कॉम्बी घ्यायचा मोह होईल, तेव्हा मागच्या दाराची काच, टेललाइट आणि रबरं मिळतात का ते आधी विचारा. इंजिनाचे भाग सेडानचेच असतात, मागचा भाग मात्र फक्त तिचाच असतो.

टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातली सर्वात मोठी बॅग आणि मोजपट्टी बरोबर न्या. बॅग सेल्समनला उचलू देऊ नका, स्वतः डिकीत ठेवा. घरातल्या एकाला मागच्या सीटवर बसवून गंगापूर रोडऐवजी एखाद्या फुटक्या रस्त्यावर न्या, आणि डोकं किती हलतं ते त्याला विचारा.